'स्टार्ट'मधलं दचकणं

१७ जुलै २०२२. अमेरिकेतल्या यूजीन शहरात जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतल्या ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी. डेव्हन ॲलन तिथल्याच विद्यापीठाचा माजी खेळाडू, त्यामुळे प्रेक्षक त्याच्या बाजूचे. इशारा झाला, धावपटू सुटले आणि लगेच शर्यत थांबवली गेली. ॲलनने आवाजानंतर ०.०९९ सेकंदाने हालचाल केली होती. नियमानुसार ०.१ सेकंदाच्या आत जो हलला, तो आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने सुटला. सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी ॲलन बाद झाला.

माणूस किती झटकन 'स्टार्ट' घेऊ शकतो, याचा एक धागा त्या शब्दाच्या पूर्वायुष्यातच सापडतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'स्टार्ट' म्हणजे एकाएकी उसळणं, उडी मारणं. जर्मन भाषेतला 'श्टुर्त्सेन', म्हणजे कोसळणं किंवा झेपावणं, हा त्याचा भाऊबंद. शिकारी झुडपातल्या सशाला 'स्टार्ट' करत, म्हणजे दडलेल्या जागेवरून उठवत. दचकवणं या अर्थाचा 'स्टार्टल' त्याच घराण्यातला. पुढे शर्यतीत सुटणं, प्रवासाला निघणं असे अर्थ चिकटत गेले; कुठलंही काम सुरू करणं हा आजचा अर्थ बराच नंतर रुळला.

जुना अर्थ मात्र मेला नाही. चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविष्कारावरच्या १८७२च्या पुस्तकात तो वापरला आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने चेहरा जवळजवळ टेकवला. सापाने झडप घातली तरी मागे सरायचं नाही, म्हणजे 'स्टार्ट' व्हायचं नाही, असा पक्का निर्धार करून. साप काचेवर आदळला आणि डार्विन क्षणात एक-दोन यार्ड मागे उडाला. या सापाचा दंश त्याला आयुष्यात कधी झालेला नव्हता, मध्ये काच होती, हेही तो जाणून होता. जाणणारा मेंदू मागे राहिला, शरीर आधी हललं.

कारण दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मोठा आवाज कानावर आदळला की संदेश थेट मेंदूच्या खालच्या भागातल्या, ब्रेनस्टेममधल्या मोठ्या चेतापेशींकडे जातो आणि तिथून पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे. मध्ये थांबे अगदी मोजके. विचार करणाऱ्या वरच्या मेंदूची परवानगी लागत नाही. पापण्या साधारण ०.०४ सेकंदात मिटतात, मग मान आखडते, खांदे वर येतात. १९३९मध्ये लँडिस आणि हंट या मानसशास्त्रज्ञांनी हा क्रम पिस्तुलाचे बार काढून, वेगवान कॅमेऱ्याने टिपून प्रसिद्ध केला. शर्यतीच्या सुरुवातीलाही पिस्तूलच वाजतं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

बार्सिलोनाचे चेताशास्त्रज्ञ जुझेप वॉल्स-सोले यांनी १९९०च्या दशकात एक विलक्षण प्रयोग केला. ठरावीक हालचालीसाठी सज्ज बसलेल्या माणसांना इशारा देताना सोबत दचकवणारा मोठा आवाज ऐकवला. प्रतिसादाचा वेळ जवळपास निम्म्यावर आला, आणि हालचाल बिघडली नाही. ठरवलेलीच हालचाल, फक्त लवकर झाली. त्यांचा कयास असा, की तयार हालचालीचा आराखडा मेंदूच्या खालच्या भागात साठवलेला असतो आणि दचका त्याला परस्पर मोकळं करतो. ब्लॉकवर श्वास रोखून बसलेला धावपटू याच अवस्थेत असतो.

मैदानावरही याच्या खुणा दिसतात. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या नोंदी कॅनडातल्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा पिस्तूलधारी पंचाच्या सर्वांत जवळच्या, पहिल्या लेनमधले धावपटू इतरांपेक्षा लवकर सुटलेले आढळले. प्रयोगशाळेतही बार जितका मोठा तितकी सुटका लवकर. आता इलेक्ट्रॉनिक पिस्तुलाचा आवाज प्रत्येकाच्या पाठीमागच्या स्पीकरमधून येतो, हे म्हणूनच योग्य झालं.

०.१ सेकंदाची मर्यादा मात्र तशीच आहे. फिनलंडचे संशोधक पाव्हो कोमी आणि सहकाऱ्यांनी जागतिक ॲथलेटिक्स महासंघासाठीच केलेल्या अभ्यासात, २००९मध्ये, ती ०.०८ ते ०.०८५ सेकंदांपर्यंत उतरवण्याची शिफारस केली होती. ॲलन त्या दिवशी अंदाजाने सुटला की खरोखर ऐकून, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण ऐकून ०.०९९ सेकंदात सुटणं माणसाला शक्यच नाही, असं या अभ्यासांनंतर म्हणता येत नाही. आणि ज्या आकड्यावर खेळाडूची अनेक वर्षांची मेहनत पणाला लागते, तो अशा पुराव्यावर तपासून बदलायला हवा.