‘तरी’ म्हणजे काय?

इफ्तारला अर्धा तास उरला होता. मुलांची नजर घड्याळावरून हटत नव्हती, म्हणून आम्ही एक खेळ काढला. रोजच्या बोलण्यातला छोटा शब्द घ्यायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा.

‘खजूर’, ‘विमान’ चटकन जमले. मग आला ‘च’. धाकटी म्हणाली, “च म्हणजे हट्ट!” ‘मला पाहिजे’ आणि ‘मला पाहिजेच’ यांतला फरक तिने बरोबर पकडला होता. थोरल्याने शाळेतले व्याकरण सांगितले: ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ ही शुद्ध शब्दयोगी अव्यये. नाव मिळाले, अर्थ नाही! कोशकारांनाही अशा ठिकाणी उदाहरणाचे वाक्य द्यावे लागते.

‘तरी’ला मात्र आम्ही मोठेही अडलो. तेव्हा दादींनी तसबीह बाजूला ठेवली.

“बाळांनो, ‘ईदलाच ये’ म्हणजे एरवी नको. ‘ईदलाही ये’ म्हणजे एरवी येतोसच. आणि ‘ईदला तरी ये’ म्हणजे वर्षभर वाट पाहिली.”

आम्ही गप्प झालो. मुलांचे चाचा कामानिमित्त आखातात असतात. दर रमजानला फोनवर दादी त्यांना हेच वाक्य बोलतात. आम्ही ते ऐकत होतो, पण त्यातला ‘तरी’ आज ऐकू आला.

तुम्हीही आज घरी ‘पण’, ‘ना’, ‘बरं’ यांचे अर्थ विचारून पाहा. व्याख्या जमो न जमो, घरात कोण कुणाला काय सांगत होते, ते नक्की कळेल.