व्हॉलीबॉलचे गुरुजी

ज्या जिल्ह्याचें सरकारदरबारीं आतां अहिल्यानगर असें नांव झालें आहे, त्या आमच्या नगर जिल्ह्यांत कोणत्याही मोठ्या गांवीं सायंकाळीं शाळेच्या पटांगणाकडे पाय वळविले, तर दोन खांबांना बांधलेली जाळी आणि तिच्या दोहों बाजूंस धुळींत उड्या घेणारीं मुलें पुष्कळदां दृष्टीस पडतात. कित्येक ठिकाणीं तो दोन्ही हात जुळवून चेंडू तडकाविण्याचा, 'शूटिंग' या नांवाचा आपल्याकडील प्रकार असतो; कॉलेजांतून मात्र सहा-सहा गड्यांचा नियमबद्ध व्हॉलीबॉल चालतो. एक चेंडू, एक जाळी आणि थोडी सपाट जमीन एवढ्यावर भागत असल्यामुळें हा खेळ खेड्यांतही रुजला. परंतु तो शिकवितो कोण, हा विचार घरांतील वडील मंडळींच्या मनांत सहसा येत नाहीं. घरांतला एखादा पदवीधर मुलगा 'मी आतां बी. पी. एड. करणार आणि खेळाचा शिक्षक होणार' असें जेवणाच्या पंक्तींत जाहीर करतो, तेव्हां मात्र तो येतो. मग आजोबांचा भात कालवणारा हात थांबतो, काका 'त्यांत पुढें काय?' म्हणून विचारतात, आणि आई कांहीं न बोलतां वाढूं लागते.

या 'पुढें काय?' चें एक उत्तर आज वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. तें आणावें लागतें अमेरिकेंतून. कारण कॉलेजांतील व्हॉलीबॉलचा मुख्य शिक्षक हा स्वतंत्र पेशा म्हणून नांवारूपास आला तो त्या देशांत.

खेळाचा जन्मही तेथलाच. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील होलिओक येथें वाय. एम. सी. ए. या संस्थेंत विल्यम मॉर्गन नांवाचे व्यायामशिक्षक होते. बास्केटबॉलची धांवपळ प्रौढ व्यापारी मंडळींना झेपेना, म्हणून १८९५ सालीं त्यांनीं जाळीवरून चेंडू टोलविण्याचा हा सौम्य खेळ काढिला आणि त्याला 'मिंटोनेट' असें चमत्कारिक नांव ठेविलें. पुढील वर्षीं स्प्रिंगफील्ड येथें त्याचा प्रयोग झाला, तेव्हां आल्फ्रेड हॉलस्टेड यांनीं सध्याचें नांव सुचविलें. नगरकरांना मॅसॅच्युसेट्स अगदींच परका नाहीं. १८३१ सालीं नगरास आलेल्या अमेरिकन मिशनची मूळ संस्था त्याच प्रांतांतील बोस्टन शहरची. खेळ मात्र हिंदुस्थानांत आला तो वाय. एम. सी. ए. च्या वाटेनें. स्प्रिंगफील्डच्या कॉलेजांत शिकलेले हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढिलें, व तेथें तयार झालेले शिक्षक ठिकठिकाणच्या शाळा-कॉलेजांत गेले. सौम्य म्हणून काढलेला हा खेळ आज किती दांडगा झाला आहे, हें जाळीजवळ उभें राहून स्मॅश पाहिल्याशिवाय कळावयाचें नाहीं.

आतां ज्यांच्याविषयीं लिहावयाचें ते गृहस्थ. अल स्केट्स यांचा जन्म १९३९ चा. वयाची पंचविशी होण्यापूर्वींच, म्हणजे १९६३ सालीं, लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पुरुषांच्या संघाचे ते मुख्य शिक्षक झाले. आणि २०१२ सालीं निवृत्त होईपर्यंत त्यांनीं तें स्थान सोडिलें नाहीं. या काळांत त्यांच्या संघांनीं १२३९ सामने जिंकले व २९० गमावले. तेथील आंतरविद्यापीठीय क्रीडासंघटनेनें पुरुषांच्या व्हॉलीबॉलचें राष्ट्रीय अजिंक्यपद १९७० सालीं सुरू केलें. तें पहिलें वर्ष स्केट्स यांच्या संघानें जिंकलें, आणि पुढें २००६ पर्यंत एकंदर १९ वेळां. १९७० ते १९८४ या पंधरा वर्षांत तर ११ वेळां अजिंक्यपद त्यांच्याच घरीं आलें.

हे आंकडे वाचून वाचकांच्या डोळ्यांपुढें मोटारी आणि बंगले उभे राहातील. पण प्रकार तसा नव्हता. ज्या खेळाला प्रेक्षक थोडे आणि उत्पन्न त्याहून थोडें, त्याच्या शिक्षकाला कोणतें विद्यापीठ भरघोस वेतन देणार? स्केट्स हे बेव्हर्ली हिल्स येथें प्राथमिक शाळेंत मुलांना शारीरिक शिक्षण देत. तो त्यांचा चरितार्थ. शाळेचें काम आटोपून ते विद्यापीठांतील तरुणांकडे वळत. हा दुहेरी क्रम एक-दोन वर्षें नव्हे, कित्येक दशकें चालला. इकडे देशांत पहिला येणारा संघ, तिकडे शिटी वाजवून रांगेंत उभी करावयाचीं लहान मुलें! आम्हांला तर त्या १९ अजिंक्यपदांपेक्षां ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. त्याच विद्यापीठांत बास्केटबॉलचे सुप्रसिद्ध शिक्षक जॉन वुडन होते. तेही मूळचे हायस्कुलांतील इंग्रजीचे मास्तर. दहा वेळां अजिंक्यपद मिळविणारे हे गृहस्थ नव्या खेळाडूंना प्रथम पायमोजे नीट कसे घालावे तें शिकवीत, कारण मोज्याची एक सुरकुती पायाला फोड आणते. शाळामास्तराची नजर ती हीच.

व्हॉलीबॉलला तर ती नजर विशेषच लागते. ह्या खेळांत चेंडू धरून ठेवतां येत नाहीं. तीन स्पर्शांच्या आंत तो पलीकडे गेला पाहिजे. पहिल्यानें घ्यावयाचा, दुसऱ्यानें उचलून द्यावयाचा, तिसऱ्यानें मारावयाचा. टाळ्या पडतात तिसऱ्याला; सामना ठरतो बहुधा दुसऱ्याच्या बोटांत, ज्याला आपल्याकडे 'बूस्टर' म्हणतात. पहिला पास हातभर चुकला तर बूस्टर धांवतो, आणि मारणाऱ्याची उडी फुकट जाते. तेव्हां शिक्षकाचें काम म्हणजे तेच तेच पास शेंकडों वेळां करून घेणें, आणि मारण्याची हौस असलेल्या उंच मुलाला उचलून देण्याची गोडी लावणें. हें दुसरें काम किती अवघड आहे तें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नको.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. नगरच्या कॉलेजांत व्हॉलीबॉलचा निराळा मुख्य शिक्षक सहसा नसतो. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक, आणि त्यांच्या एकट्याच्या गळ्यांत कबड्डी, खोखो, क्रिकेट, कुस्ती, धांवण्याच्या शर्यती व या सर्वांचीं कागदपत्रें. पुणें विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा तोंडावर आल्या म्हणजे महिन्याभरांत संघ उभा करावयाचा आणि पराभव झाल्यास दोष स्वीकारावयाचा. पतियाळा येथें १९६१ सालीं राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली, एकेका खेळाचे तज्ज्ञ तेथें तयार होऊं लागले. परंतु त्यांतील किती जणांस एखाद्या कॉलेजांत एकाच खेळामागें आयुष्य घालवितां येतें? व्हॉलीबॉलमध्यें आशियाई स्पर्धांत आपल्या पुरुषांनीं १९५८ सालीं कांस्य, १९६२ सालीं रौप्य आणि १९८६ सालीं पुन्हां कांस्यपदक मिळविलें. त्यानंतर २०२३ सालीं झालेल्या स्पर्धेपर्यंत पदक नाहीं. सरकारनें १९८५ पासून शिक्षकांसाठीं द्रोणाचार्य पुरस्कार ठेविला, १९९० सालीं तो व्हॉलीबॉलसाठीं ए. रमण राव यांस मिळाला, हें उचितच झालें. मात्र शिष्याचा अंगठा मागून घेणाऱ्या आचार्याचें नांव गुरूंच्या गौरवाला द्यावें, हें आम्हां संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यांना अजून थोडें खटकतें.

तेव्हां पंक्तींतल्या त्या मुलाला काय सांगावें? आमच्या मतें खरें तें सांगावें : या पेशांत द्रव्य बेताचें, मान उशिरां, आणि पोटापाण्यासाठीं शाळेची नोकरी धरावी लागेल. पण एवढ्यावरून तो पेशा दुय्यम ठरत नाहीं. घरांत इंग्रजीचा मास्तर चालतो, गणिताचा चालतो, मग खेळाचाच कां चालूं नये? मुलगी असेल तर हीच गोष्ट तिलाही लागू. ३० ऑगस्ट २०२३ रोजीं नेब्रास्का विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना पाहावयास ९२,००३ लोक जमले होते.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयीं वाद लागतो. परिव्राजिका त्यांना स्वतः नाचावयास सांगत नाहीं; त्यांच्या शिष्यांचा प्रयोग पाहूं म्हणते. स्केट्स यांना हीच कसोटी लावून पाहावी. हंगेरीहून आश्रयास आलेल्या एका पित्याचा मुलगा, कार्च किराय, १९७९ ते १९८२ त्यांच्या हाताखालीं होता. जीवरसायनशास्त्राची पदवी घेत घेत त्यानें तीन अजिंक्यपदें पाहिलीं, आणि पुढें ऑलिंपिकांत १९८४, १९८८ व १९९६ सालीं सुवर्णपदकें मिळविलीं. शेवटचें तर वाळूवरील व्हॉलीबॉलचें. नंतर तोही शिक्षक झाला, आणि २०२१ सालीं टोकियोस अमेरिकन महिलांच्या संघाला त्यानें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलें.

दुसरा शिष्य जॉन स्पेरॉ. तो स्केट्स यांच्या संघांतून खेळला आणि पुढें जवळच्याच अर्व्हाइन येथील विद्यापीठाचा मुख्य शिक्षक झाला. २०१२ सालीं स्केट्स निवृत्त झाले. त्या वर्षींचें अजिंक्यपद त्यांच्या संघाकडे नव्हे, तर स्पेरॉच्या अर्व्हाइनकडे गेलें. त्यानंतर विद्यापीठानें गुरूच्या रिकाम्या जागीं त्यालाच बोलाविलें. जुन्या संघाला अजिंक्यपद परत मिळावयास २०२३ साल उजाडलें; पुढल्या वर्षीं, २०२४ सालीं, तें त्यानें पुन्हां राखिलें.