चुंबकीय संवेदकांद्वारे प्रक्षेप्यांचे दिक्स्थितिमापन

स्वतःच्या अक्षाभोवती वेगाने फिरत जाणाऱ्या तोफगोळ्याचा अथवा अन्य प्रक्षेप्याचा अक्ष अवकाशात कोणत्या दिशेस रोखलेला आहे व त्या अक्षाभोवती तो किती अंशांतून फिरला आहे, हे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे उड्डाण चालू असताना ठरविण्याची पद्धत.

तोफेच्या नळीतील सर्पिल खाचांमुळे गोळ्यास परिवलन गती मिळते व त्यामुळे तो टोक पुढे ठेवून स्थिरपणे जातो. १५५ मिमी. व्यासाच्या नळीतील खाचांचा एक वेढा २० व्यासांत, म्हणजे ३.१ मी. लांबीत पूर्ण होत असेल, तर ८०० मी./से. वेगाने बाहेर पडणारा गोळा सेकंदाला सु. २५८ फेरे घेतो. तथापि त्याचा अक्ष गतीच्या दिशेशी तंतोतंत जुळत नाही. भोवऱ्याप्रमाणे तो सावकाश परांचन व त्यावर जलद अक्षांदोलन करीत असतो. हा कोन वाढल्यास हवेचा रोध वाढतो व पल्ला घटतो. नळीत गोळ्यावर गुरुत्वीय प्रवेगाच्या १०,००० पटींहून अधिक प्रवेग येतो. तो सोसून पुढे इतके जलद परिवलन मोजणे सामान्य घूर्णीस जमत नाही.

पूर्वी गोळ्याच्या मार्गात पुठ्ठे उभे करून त्यांवर पडलेल्या भोकांच्या आकारावरून अक्षाचा कल काढीत. इंग्लंडमध्ये आर्. एच्. फौलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेले मूलभूत संशोधन याच साध्या साधनावर आधारलेले होते. मात्र तोफेजवळच्या थोड्या अंतरापुरतीच ही माहिती मिळे. नंतर अमेरिकेत ॲबर्डीन येथे, गोळ्यावरील फटींतून येणारे सूर्यकिरण टिपून रेडिओद्वारे संकेत पाठविणारी उपकरणे वापरात आली. त्यांना निरभ्र आकाश व दिवस आवश्यक असतो. चुंबकीय क्षेत्राला ही अट नाही.

पृथ्वीपृष्ठावरील हे क्षेत्र सु. २५ ते ६५ मायक्रोटेस्ला इतके दुर्बल असले, तरी गोळ्याच्या मार्गापुरते ते जवळजवळ एकसमान असते [⟶ भूचुंबकत्व]. अक्षाला काटकोनात बसविलेल्या संवेदकाचा विद्युत् संकेत प्रत्येक फेऱ्यात एकदा धन व एकदा ऋण होतो. त्यावरून परिवलनाचा वेग कळतो. दुसरा संवेदक अक्षाशी तिरपा बसवितात व खरी खुबी येथेच आहे. अक्ष क्षेत्ररेषेला लंब असल्यास त्याचे धन व ऋण कालखंड सारखे असतात. अक्ष कलला की ते असमान होतात. उदा., संवेदक अक्षाशी ४५° कोनात असून अक्ष व क्षेत्ररेषा यांतील कोन ६०° असल्यास संकेत फेऱ्याच्या सु. २५१° भागात धन व उरलेल्या १०९° भागात ऋण राहतो. म्हणजे संकेत शून्यातून केव्हा जातो एवढेच टिपावे लागते. क्षेत्राची तीव्रता किंवा विवर्धकाची क्षमता अचूक माहीत नसली, तरी चालते. ॲबर्डीन येथील अमेरिकी भूसेनेच्या संशोधन प्रयोगशाळेत टी. ई. हार्किन्स व डी. जे. हेपनर यांनी या तत्त्वावरील ‘मॅगसाँड’ पद्धती विकसित केली.

संवेदक म्हणून साधे वेटोळेही चालते, पण त्याला केवळ बदलते क्षेत्र जाणवते. निकेल-लोह मिश्रधातूच्या पातळ पटलांचे संवेदक अधिक सोयीचे ठरतात. चुंबकीय क्षेत्रामुळे लोह व निकेल यांचा विद्युत् रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५७ मध्ये दाखविले होते. गोळ्याचे पोलादी कवच मात्र क्षेत्र विकृत करते व परिवलनामुळे त्यात भोवरा प्रवाहही उद्‌भवतात. म्हणून संवेदक शक्यतो अचुंबकीय, असंवाहक टोपणाखाली गोळ्याच्या नाकात ठेवतात.

या पद्धतीची मूळ मर्यादा भूमितीय आहे. एका क्षेत्ररेषेवरून अक्षाचा तिच्याशी असलेला कोन तेवढा मिळतो. तिच्याभोवतीच्या शंकूवर अक्ष नेमका कोठे आहे, हे कळण्यास सूर्याची दिशा किंवा मार्गाचे गणित यांची जोड द्यावी लागते. गोळा क्षेत्ररेषेलाच समांतर जात असेल, तर आडवा घटक नाहीसा होऊन फेरेही मोजता येत नाहीत. त्यामुळे एकच उपकरण एका दिशेच्या माऱ्यात उत्तम व दुसऱ्या दिशेच्या माऱ्यात निरुपयोगी ठरू शकते.

मार्ग सुधारणाऱ्या गोळ्यांत हे मापन निर्णायक असते. उपग्रहांच्या संकेतांवरून स्थान कळते. परंतु ‘वर’ कोणती बाजू, हे त्यावरून सहज कळत नाही आणि चुकीच्या क्षणी दिलेला धक्का गोळ्याला लक्ष्यापासून दूर नेतो. सेकंदाला २५० फेऱ्यांच्या वेगात एक अंश फिरण्यास सु. ११ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे विद्युत् मंडलातील अल्पसा विलंबही हिशेबात धरावा लागतो.