गृहपाठाचे ओझे आणि घराची ऐपत

प्राथमिक शाळेतील मुलाला गृहपाठ द्यावा की देऊ नये, हा वाद आपल्याकडे नवा नाही. आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात दप्तराखाली वाकलेल्या मुलांचा विषय काढला. त्यानंतर चार वर्षांनी, १९९३ साली, प्रा. यशपाल यांच्या समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या अर्थाच्या आपल्या अहवालात प्राथमिक वर्गांना पुस्तकी गृहपाठ मुळीच नसावा, अशी शिफारस केली. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देण्यास मनाई केली आणि २०२० च्या केंद्रीय दप्तर-धोरणाने तर त्याचे मोजमापच ठरवून दिले : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. आठवड्याचे दोन तास सहा दिवसांवर वाटले, तर चौथीतल्या मुलाच्या वाट्याला रोज वीस मिनिटे येतात. कागदावर तरी प्रश्न निकालात निघाला.

ठराव होतो आणि वहिवाट तशीच राहते, हे महाडला नव्याने सांगावयास नको. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केला होता. त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष ओंजळीत येण्यास मात्र २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. त्या संग्रामाशी गृहपाठाच्या परिपत्रकाची बरोबरी कोणी करणार नाही, करूही नये. परंतु कागदावरील हक्क आणि हाती पडणारा हक्क यांत अंतर असते, एवढे ध्यानात ठेवून महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील शाळांकडे पाहिले, तर गृहपाठाचा प्रश्न निराळाच दिसू लागतो. ‘किती’ हा त्यातला गौण भाग. तो कोठे करावयाचा आणि कोणाच्या आधाराने, हा खरा प्रश्न आहे.

सावित्री, काळ आणि गांधारी यांच्या खोऱ्यांतील महाड आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे पोलादपूर हा रायगड जिल्ह्याचा समुद्रापासून आत सरकलेला, डोंगराला टेकलेला भाग. गाव एक आणि त्याच्या वाड्या चार ठिकाणी; काही रस्त्यालगत, काही चढणीवर. जिल्हा परिषदेच्या शाळांत मुले थोडी, शिक्षक बहुधा दोन आणि वर्ग चार किंवा पाच. घरातील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. पूर्वी गिरणीत असे, १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या कामावर. कोणी महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो. कित्येक घरांत मूल आजी-आजोबांपाशी वाढते. पावसाळ्यात जेथे डोंगर कोसळण्याची भीती, तेथेच चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि हंडा-कळशी घेऊन जाणाऱ्यांत आठ-दहा वर्षांची मुलगी असतेच. अशा घरात संध्याकाळी ‘पान ३४ वरील स्वाध्याय सोडवून आणा’ हा आदेश पोहोचतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर गृहपाठ हा घरावर बसविलेला वस्तुरूप कर आहे. शिकविलेले मुलाकडून घोटून घेण्याचा जो खर्च शाळेने करावयाचा, त्याचा एक हिस्सा शाळा घराकडे ढकलते. हा कर पैशात भरावयाचा नसतो. तो वेळात, उजेडात, शांततेत आणि घरातील एखाद्या साक्षर माणसाच्या लक्षात भरावयाचा असतो. कर घेताना भरणाऱ्याची ऐपत पाहावी, हे अ‍ॅडम स्मिथने सांगितलेले कराचे पहिले सूत्र. गृहपाठ मात्र डोईपट्टीसारखा सर्वांवर सारखाच बसतो. महाड शहरातील नोकरदाराचे मूल तो शिकवणीच्या वर्गात भरते, म्हणजे त्याचे वडील रोख रकमेने भरतात. चढणीवरच्या वाडीतील मूल तो भरू शकत नाही; मग दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी मित्राच्या वहीवरून उतरवून काढते, किंवा त्या दिवशी शाळेतच येत नाही. या दुसऱ्या पर्यायाची नोंद हजेरीपटावर होते, कारणाची होत नाही.

पूर्वी मुले घरी अभ्यास करीत नव्हती काय, असा प्रश्न जुन्या पिढीतील वाचक विचारतील. करीत होती, आणि त्या अभ्यासाचे नाव परवचा. तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणावयाची. या परवच्याची खुबी अशी की त्याला वही लागत नसे, पेन्सिल लागत नसे आणि अंधुक उजेडही पुरत असे. अक्षरशत्रू आजीलासुद्धा नातू कोठे अडखळला ते कानाने कळत असे, कारण रोज ऐकून तिलाही ते पाठ झालेले असे. अर्थात या आठवणीने फार हळवे होण्याचे कारण नाही. हा परवचा थोड्या घरांत चालत होता. बहुसंख्य घरांपर्यंत शाळाच पोहोचली नव्हती, मग परवचा कोठून पोहोचणार? शिवाय नुसत्या घोकंपट्टीने समज येत नाही, हेही तितकेच खरे. पण त्या पद्धतीत एक शहाणपण होते. घरी द्यावयाचे काम घराला पेलणारे होते. बोलण्याचे व ऐकण्याचे काम जाऊन लिहिण्याचे काम आले, तेव्हा आजीची परीक्षकाची जागा गेली आणि ती दुसऱ्या कोणालाही मिळाली नाही.

घराची ही मर्यादा किती आहे, याचा पडताळा मार्च २०२० नंतर आला. करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे सुमारे वीस महिने सगळी शाळाच गृहपाठ होऊन बसली. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम काढला. दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नसंच यावयाचा आणि मुलाने घरी तो सोडवावयाचा. कल्पना वाईट नव्हती. पण घरात फोन एक आणि तो वडिलांच्या खिशात, वडील पाळीवर किंवा मुंबईत. आणि ‘रेंज’ मिळावयाची तर टेपाडावर चढावयाचे. त्यातच २२ जुलै २०२१ चा दिवस आला. महाड शहर पुरात बुडाले, तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. ज्या घरांत धान्य वाचले नाही, तेथे वह्या-पुस्तके कोठून वाचणार? त्या दोन वर्षांत पहिली-दुसरीत असलेली मुले पुढल्या वर्गांत गेली ती अक्षरांशी पुरती ओळख न होताच. या मुलांच्या शिक्षकांना हे ठाऊक आहे. त्याला आकडेवारीचा आधार लागत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गृहपाठ बंद केला तर सधनांची मुले शिकवणीच्या जोरावर सराव करीतच राहतील. मागे पडतील ती गरिबांचीच, असे म्हणतात. चीनने जुलै २०२१ मध्ये पहिली-दुसरीचा लेखी गृहपाठ बंद केला, तेव्हा खाजगी शिकवण्यांवरही निर्बंध घालावे लागले, ते याच भीतीने. पोलंडने एप्रिल २०२४ पासून पहिल्या तीन इयत्तांना लेखी गृहपाठ बंद केला, तेव्हाही आई-बापांत दोन तट पडले. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतील हॅरिस कूपर यांनी अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून दाखविले की प्राथमिक वयात गृहपाठाचा परीक्षेतील यशाशी असलेला संबंध क्षीण आहे. वरच्या वर्गांत तो वाढतो. तथापि आक्षेपातील मर्म यामुळे नाहीसे होत नाही. सराव हवाच. बेरजेतील हातचा दहा वेळा घेतल्याशिवाय अकराव्या वेळी आपोआप येत नाही. शिवाय २०२३-२४ या वर्षापासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे; तीत व फेरपरीक्षेतही न उतरलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद झाली आहे. तेव्हा सरावाच्या अभावाची किंमत आता दहा-अकरा वर्षांच्या मुलालाच चुकवावी लागते. पण सराव आणि घर यांचे लग्न कोणी लावून दिले आहे? सराव शाळेत होऊ शकतो, आणि महाड-पोलादपूरच्या शाळांत तर तो होण्यास एक विलक्षण सोय आधीच आहे.

ही सोय म्हणजे ज्याला सारे अडचण समजतात ती बहुवर्ग शाळा. दोन शिक्षक आणि चार वर्ग म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातले दोन तास गुरुजी एका वर्गाशी बोलत असतात, तेव्हा दुसरा वर्ग ‘लिहीत बसलेला’ असतो. म्हणजे ज्याला आपण गृहपाठ म्हणतो ते काम हे मूल शाळेत रोज दोन तास करीतच असते! तेच पुन्हा घरी पाठविण्यात काय साधते? उणीव आहे ती तपासण्याची. चुकीचे गणित पाच वेळा सोडविले तर चूकच पक्की होते. आणि चार दिवसांनी वहीवर उमटलेल्या तांबड्या ‘पाहिले’ने ती सुटत नाही. दोन वर्गांत मिळून वीस मुले धरली आणि प्रत्येकाच्या वहीला तीन मिनिटे दिली, तर तास पुरतो. दिवसातील अखेरचे एक तासाचे सत्र केवळ सरावाला ठेवून, मूल समोर उभे असतानाच वही पाहिली, तर वेगळा गृहपाठ देण्याचे कारण उरत नाही. चौथीतल्या मुलाने दुसरीतल्याचे पाढे ऐकावेत. त्यात ऐकणाऱ्याचाही सराव होतो.

शिक्षकांकडून याला एक उत्तर ठरलेले असते, आणि ते खोटे नाही : वेळ कोठे आहे? कायद्याने शिक्षकाचा आठवडा तयारीसह ४५ तासांचा. सहा दिवसांचे अध्यापन चोवीस तास धरले, तर उरलेले एकवीस तास तयारीसाठी आणि वह्यांसाठी असावयास हवेत. ते जातात पोषण आहाराच्या नोंदींत, वरून येणाऱ्या ‘तातडीच्या’ ऑनलाइन माहितीत आणि मतदारयाद्यांच्या कामात. जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारण यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे हाच कायदा सांगतो. माहिती मागविणाऱ्या कचेऱ्यांना त्याचे स्मरण कोणी करून द्यावे?

कातकरी वाड्यांचा विचार या वेळापत्रकात वेगळा करावा लागेल. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जेथे घरच जागेवर नाही, तेथे गृहपाठाची गोष्ट कशाला? या मुलांना आठवड्याचा अभ्यास जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत जितका देता येईल तितका शाळेतच द्यावा लागेल आणि भट्टीच्या गावच्या शाळेने पुढचा धागा उचलावा लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली, ती मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलामागे जावे, या विचाराने. त्या प्रयोगाचे गोडवे गाणारे पुष्कळ. पण भट्टीवर जाऊन बसणारी शाळा आजही क्वचितच दिसते.

मग घरी काहीच द्यावयाचे नाही काय? द्यावे, पण घराजवळ जे आहे त्यातून. आजीला नाचणी आणि वरीची पेरणी कशी होते ते विचारून यावे आणि शनिवारी वर्गात सांगावे. वाचलेली गोष्ट घरात मोठ्याने वाचून दाखवावी. वाडीतील घरे, माणसे, गुरे मोजून आणावीत आणि त्यांचीच गणिते शाळेत करावीत. यशपाल समितीने गृहपाठाला नकार देताना जी एक सवलत ठेवली होती, ती घरच्या परिसराचा शोध घेण्याची. तिचा अर्थ हाच. मार्च २०२४ पासून राज्यात ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. शनिवारची सकाळची शाळा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तिच्यातील पहिला तास आठवड्यात जे अडले ते सोडविण्यास आणि उरलेला वेळ मुलांनी घरून आणलेल्या या गोष्टींना दिला, तर त्या नावाला काही अर्थ येईल. नाही तर आनंदाचेही अहवाल आणि छायाचित्रे वर पाठवावी लागतील.

यासाठी नवे धोरण, नवी समिती किंवा वेगळी तरतूद लागत नाही. मुख्याध्यापकाने वेळापत्रकातील एक तास हलवावा आणि केंद्रप्रमुखाने भेटीच्या वेळी दिलेल्या गृहपाठाची पाने न मोजता तपासलेली वही पाहावी, इतकेच पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा सरावाचा तास दिवसाच्या शेवटी ठेवून चालणार नाही. तो दुपारच्या खिचडीआधी घ्यावा लागेल. त्या दिवसांत वरच्या वाड्यांतील मुलांना वहाळ चढण्यापूर्वी घरी सोडावे लागते.