विममधली नक्कल: माउसला हात न लावता

काल्हेर, मानकोली, पूर्णा या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात मालाच्या याद्या सतत बदलतात. पत्ता तोच, माल तोच, आकडा तेवढा वेगळा. अशी यादी साध्या मजकूर-फाइलीत असेल, तर ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणलेला विम हा एडिटर फार वेळ वाचवतो.

एस्केप दाबून आज्ञांच्या अवस्थेत जा. 'वाय' दोनदा दाबला की अख्खी ओळ उचलली जाते. आधी ५ दाबलात तर पाच ओळी. 'पी'ने उचललेली ओळ खाली उतरते, शिफ्टसह 'पी'ने वर.

नवशिक्यांची फसगत पुढे होते. ओळ उचलली, मग नको असलेली दुसरी ओळ 'डी' दोनदा दाबून पुसली आणि 'पी' दाबला, तर पुसलेलीच ओळ परत येते! कारण विममध्ये पुसलेला मजकूरही साठवला जातो. शेवटची उचललेली ओळ मात्र शून्य क्रमांकाच्या कप्प्यात शाबूत असते: दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, मग 'पी'. गोदामातल्या रॅकसारखे 'ए' ते 'झेड' असे आणखी २६ कप्पे आहेत. उचलताना कप्प्याचं अक्षर कॅपिटल वापरलं, तर आधीच्या मजकुराला नवा जोडला जातो. ही सोय मला सर्वांत कामाची वाटते.

ब्राउझरमध्ये मजकूर न्यायचा तर कप्प्याचं नाव अधिक-चिन्ह; तुमच्या विममध्ये क्लिपबोर्डची सोय असावी लागते.

मराठी टाइप करणाऱ्यांनी आज्ञा देण्यापूर्वी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा. देवनागरी चालू असताना 'वाय' दाबून काहीच उचललं जात नाही.