टायटल इन्शुरन्स घ्यावा का? आधी वतनाच्या जमिनीचा कागद बघा

भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाणारी पहिली पिढी आज आपल्या अनेक कुटुंबांत तिशीच्या आसपास आहे. नोकरी लागली, बँकेने कर्ज मंजूर केले की पुढचा प्रश्न येतो तो कागदपत्रांचा. अलीकडे त्यात एक नवा शब्द ऐकू येतो, टायटल इन्शुरन्स. तो घ्यावा का, असे कार्यकर्ते आम्हाला विचारतात.

टायटल म्हणजे मालकी हक्क. आपल्याकडे सरकार मालकीची हमी देत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरोखर मालक आहे की नाही याचा निवाडा करत नाही. सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे. नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. ही फट विमा भरून काढतो. आपण खरेदी करण्यापूर्वीचा, पण तेव्हा माहीत नसलेला दोष पुढे निघाला, तर कोर्टाचा खर्च आणि नुकसान विमा रकमेपर्यंत मिळते. हप्ता साधारणपणे एकदाच भरायचा असतो. अमेरिकेत १८७६ साली फिलाडेल्फियात अशी पहिली कंपनी निघाली आणि आज तिथे ही नेहमीची बाब आहे. तिथे घर घेणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढे लक्षात ठेवावे की बँकेसाठी काढलेली पॉलिसी फक्त बँकेला वाचवते, स्वतःसाठी मालकाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

महाराष्ट्रात मात्र हा विमा मुख्यतः बिल्डरांच्या मोठ्या प्रकल्पांसाठी घेतला जातो. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १६ मध्ये राज्य शासन अधिसूचित करेल त्याप्रमाणे बिल्डरने टायटलचा विमा काढावा, आणि करार होताच त्याचा लाभ ग्राहकाकडे जावा, अशी तरतूद आहे. म्हणून फ्लॅट घेताना थेट विचारा, प्रकल्पाचा टायटल विमा आहे का? असेल तर प्रत द्या. त्याहून कामाचे कलम १८(२) आहे. जमिनीच्या सदोष टायटलमुळे नुकसान झाले तर बिल्डरने भरपाई द्यायची, आणि या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. हे संरक्षण विम्याशिवायही आहे, आणि फार कमी जणांना माहीत आहे.

आपली खरी अडचण फ्लॅटपेक्षा गावाकडच्या किंवा शहराच्या कडेच्या प्लॉटमध्ये आहे. महार वतन हा गुलामीचा पट्टा आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने वतने गेली, जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. म्हणजे विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी आणि नजराणाही भरायला हवा. शेतीसाठी आणि बिगरशेतीसाठी नियम वेगळे आहेत. शहरे वाढली तशा यातल्या कितीतरी जमिनींचे गुंठे पडले आणि नोटरीच्या कागदावर विकले गेले. पुष्कळदा विकणारा आपला, घेणाराही आपलाच, आणि नफा मधल्या दलालाचा. शर्तभंग ठरला तर जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार घेणाऱ्याच्या डोक्यावर राहते.

अशा प्लॉटला विमा उपयोगी पडेल का? आमच्या मते नाही. विमा कंपनी आधी कागद तपासते, आणि सातबारावर उघड लिहिलेला दोष ती पॉलिसीतून वगळते. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ दिसले की तिथेच थांबावे. जुने फेरफार काढावेत, जमीन परत दिल्याचा मूळ आदेश मागावा, परवानगी आणि नजराण्याचे चलन बघावे. नोटरी केलेले साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र म्हणजे खरेदी नव्हे. २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने हे स्पष्ट केले आहे.

वारसांचेही तसेच. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरी विक्रीच्या वेळी भाऊ सह्या करतात, बहिणींना कळतही नाही. अशी सही नसलेला दस्त घेऊ नये. हा केवळ खरेदीदाराच्या सोयीचा मुद्दा नाही, त्या बहिणीचा हक्कही त्यात आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा. आधी स्वतःच्या वकिलाकडून, बिल्डरच्या नव्हे, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. बँकेचा वकील बँकेपुरते बघतो. रिपोर्ट स्वच्छ असून रक्कम मोठी असेल, आणि कंपनी वैयक्तिक पॉलिसी देत असेल, तर विमा जरूर घ्या. पॉलिसीतला ‘वगळलेल्या बाबी’ हा भाग मात्र वकिलाला दाखवूनच सही करा. ज्यांनी वतनाचा प्लॉट आधीच नोटरीवर घेतला आहे, त्यांनी एकेकट्याने दलालाकडे खेटे घालण्यापेक्षा त्या गटातल्या सगळ्यांनी मिळून सातबारा आणि फेरफारांच्या प्रती काढाव्यात आणि शर्तभंग नियमित करण्यासाठी तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.