मुलाम्याखालची गोष्ट

आमच्या लहानपणी रविवारची सकाळ म्हणजे गाडी पुसण्याची सकाळ. वडिलांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी अंगणात उभी असे. टपावर हात पोहोचत नसल्याने आम्हा भावंडांच्या वाट्याला बंपर यायचे. त्या चकचकीत बंपरमध्ये आपले तोंड वेडेवाकडे दिसते, याची आम्हाला कोण गंमत वाटायची! वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. ती बातमी वाचून भाचा म्हणाला, "मामा, आपली गाडी पुन्हा उभी करू या. आणि जे जे लोखंड दिसेल, ते सगळे क्रोम करून टाकू!"

झाले, उत्साहाच्या भरात आम्ही सर्वांत स्वस्त दर सांगणाऱ्या कारखान्यात बंपर दिले. चार दिवसांत आरशासारखे लखलखीत होऊन परत आले. पण पहिलाच पावसाळा गेला आणि त्यावर फोड आले. नखाने खरवडले, तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटून हातात! 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आजी का वापरायची, ते तेव्हा नीट कळले.

दुसऱ्या कारखान्याचे मालक जुने जाणते. बंपर उलटसुलट करून पाहत ते म्हणाले, "साहेब, क्रोम काही झाकत नाही. उलट खालचे सगळे दाखवतो."

आपण ज्याला क्रोमचा बंपर म्हणतो, त्यावर क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. खरी चकाकी असते ती खालच्या निकेलची. निकेलखाली बहुधा तांबे, आणि त्याच्याही आधी गंज काढून, खड्डे भरून, तासन् तास बफ मारून गुळगुळीत केलेले पोलाद. क्रोम फक्त निकेल काळवंडू देत नाही आणि त्याला ती निळसर झाक देतो. आमच्या पहिल्या कारखानदाराने बफवर आणि निकेलवर हात आखडला होता. खालच्या थरातल्या बारीक छिद्रांतून पाणी आत शिरले आणि पोलाद आतून गंजले. म्हणून दर विचारताना 'क्रोमचे किती?' असे न विचारता 'निकेल किती जाड देणार आणि बफ किती मारणार?' असे विचारावे.

क्रोमियमचा शोध १७९७ मध्ये फ्रान्समधील व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञाने लावला. त्याच्या संयुगांचे नाना रंग पाहून 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. मोटारींवर मात्र तो आला १९२० च्या दशकात. त्याआधीच्या गाड्यांवर पितळ किंवा निकेल असे. त्यामुळे त्या काळातली गाडी कुणी दुरुस्त करीत असेल, तर तिला निकेलची उबदार, किंचित पिवळसर झाकच शोभते. पुढे क्रोमची हौस इतकी वाढली, की १९५९ ची कॅडिलॅक पाहताना गाडी पाहावी की तिचे दागिने, असा प्रश्न पडावा!

बोलता बोलता मालकांनी आम्हाला आतल्या टाक्यांकडे नेले. "माझे नाक पाहा," ते म्हणाले. उमेदीच्या काळात, हातमोजे आणि धुरांडे नसलेल्या कारखान्यात, क्रोमिक आम्लाच्या वाफेने त्यांच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडले होते. भाच्याची बडबड तिथे थांबली. जुन्या पद्धतीच्या या टाकीत संयुजा ६ असलेला क्रोमियम असतो, आणि तो कर्करोगकारक आहे. सांडपाण्यातून तो नाल्यात आणि विहिरीतही उतरू शकतो. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय तो वापरता येत नाही. शोभेच्या मुलाम्यासाठी तो टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला. त्याला पर्याय आहे संयुजा ३ च्या क्रोमियमचा. त्याची झाक किंचित गडद असते, पण विषारीपणा पुष्कळच कमी.

मग आम्ही घरी कागद घेऊन बसलो. बंपर मूळचे क्रोमचे, ते क्रोमचेच. पण संयुजा ३ च्या टाकीतले. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना मुलामा नकोच, कारण त्या पोलादातच किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतो. नुसता बफ पुरे. ॲल्युमिनियमच्या भागांना पॉलिश; ते मंद होते, पण पुन्हा हाताने घासता येते. स्प्रिंगा आणि जोर घेणारे बोल्ट यांना मात्र हौसेखातर क्रोम लावायचा नाही. प्लेटिंग करताना हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होऊन अचानक तुटू शकते. डॅशबोर्डही चकचकीत नको. ऊन परावर्तित होऊन चालकाच्या डोळ्यांवर येते. भाच्याच्या यादीतल्या बऱ्याच वस्तूंवर अशी काट बसली. ती त्याने स्वतःच मारली.

खर्च पहिल्यापेक्षा पुष्कळ झाला. बंपर यायलाही महिना लागला. ते बसवले त्या रविवारी भाच्याची मुलगी जुन्या बनियनचा तुकडा घेऊन पुढे बसली. घासता घासता एकदम खुदकन हसली. तिला तिचे तोंड वेडेवाकडे दिसले होते.